१५ एचपीच्या होडीला २५ एचपीचं मशीन बसवलं तर?

देवबागचो झिल

नमस्कार मंडळी. आमची फायबरची होडी आहे, १८ फुटी. मागची फळी, जिच्यावर मशीन बसतं, ती वरच्या काठाला ३ फूट रुंद. बांधणाऱ्याने ताब्यात देताना सांगितलं होतं की १५ एचपीच्या वर जाऊ नका. होडीवर तसं कुठे लिहिलेलं नाही, नुसतं तोंडी. चार वर्षं १५ एचपीचं टू-स्ट्रोक वापरतोय. बाबा आणि मी असे दोघेच जातो.

अडचण आहे ती कर्लीच्या मुखाशी. ओहोटी लागली की नदीचं सगळं पाणी तिथून बाहेर पडतं, आणि आम्ही जाळं भरून परत येतो ते नेमके त्याच वेळेला. थ्रॉटल पूर्ण पिळला तरी भोगव्याच्या बाजूचे माड जागचे हलत नाहीत. गेल्या नोव्हेंबरात वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या आणि आम्ही पंधरा मिनिटं त्यात अडकलो होतो. बाबा ६१ वर्षांचे आहेत. तिथे काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर जेवले नाहीत.

आता एक २५ एचपीचं फोर-स्ट्रोक मिळतंय, दोन हंगाम वापरलेलं. जून-जुलैच्या बंदीत बसवून घ्यावं असं मनात आहे. मालकाला आठ दिवसांत सांगायचंय. कोणी असं केलंय का?

तारकर्ली ४४

माज्या होडयेक २५ लावलेला असा. तीन वर्सा झाली, काय्येक झाला नाय. मागे वायच जड होता, पन पळता मस्त. घे तू.

वेंगुर्ल्याचा, सध्या न्यू जर्सी

इथे २० फुटांखालच्या मोटर-होड्यांना आत एक पट्टी लावावी लागते, किती माणसं, किती वजन आणि जास्तीत जास्त किती एचपी. १९७२ पासून हा नियम आहे. एचपी काढायची रीत साधी आहे, तुझ्या होडीला लावून पाहिली. लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, म्हणजे १८ × ३ = ५४. हाताने वळवायचं मशीन असेल तर ०.८ ने गुणायचं आणि २५ वजा करायचे. आले १८.२. वरच्या पाचाच्या पटीत न्यायचं, म्हणजे २०. बूड सपाट आणि कडा टोकदार असतील तर रीत बदलते, ०.५ ने गुणून १५ वजा. आले १२, म्हणून १५.

तुझ्या बांधणाऱ्याने तोंडी सांगितलेला आकडा अंदाजपंचे नव्हता एवढं यावरून कळतं. २५ दोन्ही हिशेबांत बसत नाही. आणि हा आकडा म्हणजे कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही.

मशीनवाले काका

झिला, आधी बाबांना माझा नमस्कार सांग. मी २२ वर्षं मालवण ते वेंगुर्ला आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बसतात ती मशीनं, दुरुस्त करतोय. नवी-जुनी मशीन विकत नाही.

होडी पुढे सरकत नव्हती असं लिहिलंस, पण मशीनचा आवाज कसा होता ते लिहिलं नाहीस. गळा दाबल्यासारखं गुरगुरत होतं की किंचाळत होतं? किंचाळत असेल तर पंखा (प्रॉपेलर) हवा ओढतोय, मशीन उंच बसलंय. गुरगुरत असेल तर पंख्यावर भार जास्त आहे आणि मशीन फेऱ्यांनाच पोचत नाही. तुझ्यासारख्या १५ च्या टू-स्ट्रोकला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ४५०० ते ५५०० फेरे हवेत. चार हजारांच्या खाली अडकलं असेल तर तू पैसे १५ चे भरलेस आणि पाण्यात उतरतंय त्याहून बरंच कमी. कितीतरी लोक अशा वेळी मोठं मशीन घेतात. दोष पंख्यात असतो.

दुसरी गोष्ट. तुझी होडी पाण्यावर १६ फूट टेकते असं धरू. भरलेल्या होडीला तिची स्वतःची लाट एका वेगापुढे जाऊ देत नाही. १६ चं वर्गमूळ ४, त्याला १.३४ ने गुणलं की साधारण ५.४ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. त्यापुढे जायचं तर होडीने पाण्यावर चढून घसरायला हवं. जाळं, मासळी, बर्फ आणि दोन माणसं घेऊन तुझी अरुंद होडी चढणार नाही. २५ चा जोर लावलास तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आभाळाकडे आणि मागची फळी पाण्यात, एवढंच होईल. वेग थोडा वाढेल, होडीमागचा पाण्यातला खड्डा जास्त खोल होईल.

तारकर्लीवाल्या भावाने ‘मागे वायच जड’ लिहिलंय. तो शब्द मला रात्रभर झोपू देत नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

२०११ च्या ऑक्टोबरात मी माझ्या सख्ख्या भावाच्या होडीला हेच केलं. १७ फुटी होडी, ९.९ ची. मी तिला २५ बसवलं, कारण भावाला हवं होतं आणि मला जमत होतं. तीन आठवडे सगळे खूश. मग एका संध्याकाळी ओहोटीत आत येताना समोर लाट फुटलेली दिसली आणि भावाने थ्रॉटल एकदम सोडला. होडी थांबली. तिने मागे ओढून आणलेलं पाणी मात्र थांबलं नाही. ते फळीवरून सरळ आत आलं. मागे आधीच मशीनचं वजन, आता त्यावर पाणी, दुसऱ्या लाटेला फळीची कड दिसेनाशी झाली. सोबत १९ वर्षांचा पोरगा होता, त्याचा पाय जाळ्यात अडकला. भावाने कोयत्याने जाळं कापलं म्हणून तो आज आहे. ते मशीन मी बसवलं होतं, बोल्ट माझ्या हातांनी आवळले होते. त्यानंतर होडीच्या ताकदीपेक्षा मोठं मशीन मी कोणालाच बसवून दिलं नाही, आणि गिऱ्हाईकं त्यासाठी दुसऱ्याकडे गेली तरी चालतं.

आता तू काय करायचं ते सांगतो. टू-स्ट्रोक १५ चं वजन ३५-३८ किलो, २५ फोर-स्ट्रोकचं ६० च्या आसपास. फरक जवळजवळ तांदळाच्या एका २५ किलोच्या गोणीएवढा. होडी शांत पाण्यात घे. फळीची वरची कड पाण्यापासून किती इंच आहे ते मोज. मग तुम्ही दोघं जाळं ओढायला जिथे उभे राहता तिथे उभे राहा आणि पुन्हा मोज. मग गोणी मशीनच्या मानेशी, अगदी फळीला टेकवून ठेव आणि तिसऱ्यांदा मोज. ओलं जाळं अजून यात धरलेलं नाही हे लक्षात ठेव.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळी आतून-बाहेरून ठोकून बघ. टणक आवाज आला तर आतलं प्लाय शाबूत आहे. भद्द आवाज आला तर बोल्टाच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजलंय, आणि मग १५ सुद्धा नको. मशीनच्या पायावर जोर देऊन वर-खाली हलव, दुसऱ्याला फळीच्या दोन्ही कोपऱ्यांकडे बघायला सांग. केसाएवढ्या भेगा तिथूनच सुरू होतात.

आणखी एक, नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा नंबर आणि एचपी असतं. मशीन बदललंस तर कागद आधी बदल. विम्याच्या वेळेला हीच ओळ वाचतात.

देवबागचो झिल

काका, आज सकाळी बाबांना घेऊन सगळं केलं. नुसती होडी, ११ इंच. दोघं मागे उभे, साडेसात. गोणी ठेवल्यावर सहा. बाबांनी पट्टी स्वतः हातात घेऊन पुन्हा मोजलं. मग म्हणाले, या मापात मी तुला मुखातून आणणार नाही.

फळी ठोकली, सगळीकडे टणक आवाज आला. आवाज गुरगुरण्याचाच होता, तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं. मालवणातून फेरे मोजायचं यंत्र मागून आणलं, वायरीभोवती गुंडाळायचं असतं ते. पूर्ण थ्रॉटलला ३९००. पंख्यावर पिच (एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे जाईल तो आकडा) १० लिहिलंय. आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या चांगली चार बोटं खाली आहे.

मशीनवाले काका

मग तुझं दुखणं सापडलं. लांब पायाचं मशीन बुटक्या फळीवर बसलंय, पाय नुसता पाणी कापत बसतो. ती पट्टी बुडाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. मशीनच्या क्लॅम्पखाली दोन इंची सागाचा गुटका टाक आणि तो फळीला आरपार बोल्टने पक्का कर, नुसत्या क्लॅम्पवर सोडू नकोस. पंखा १० चा काढून ८ चा लाव. पिच एक इंच उतरला की फेरे साधारण दोनशेने वाढतात. बूडही खरवडून घे. वळताना पंखा हवा ओढायला लागला तर गुटका अर्ध्या इंचाने तास.

देवबागचो झिल

गुटका टाकला, ८ चा पंखा लावला. काल, २६ मेला, भरती उतरायला लागल्यावर बाबांसोबत मुखापर्यंत जाऊन आलो. मागे जाळ्याऐवजी दोन पाण्याचे ड्रम भरून ठेवले होते. ४६५० फेरे. येताना माड हळूहळू मागे जायला लागले तेव्हा बाबांनी मला कोपर मारून दाखवलं. वळताना हवा ओढत नाही. २५ वाल्याला नाही म्हणून कळवलं.

मशीनवाले काका

चांगलं केलंस. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर गुटक्याचे बोल्ट पुन्हा आवळ, साग दबतो. ओढली की मशीन बंद होतं ती लाल दोरी मशीनवर लटकत ठेवू नकोस, मनगटाला बांध, बाबा चालवत असतील तर त्यांच्याही. आणि दांड्यावर पांढरं दिसलं तर बाहेरच थांबून भरतीची वाट बघा, बर्फ जास्त घेऊन जा. आत येताना थ्रॉटल एकदम सोडायचा नाही, हळूहळू उतरवायचा, म्हणजे मागचं पाणी तुमच्याआधी येणार नाही. हे एकदा शांत पाण्यात बाबांना करून दाखव.