मदत हवी आहे: कॅन्सरमधून उठलेल्यांचा गट चालवतेय, चुकीचे सल्ले कसे थांबवू?

नमस्कार मंडळी,

कराड तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी यांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईत टाटाला झालं, मग सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन. तेव्हा आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो.

नाकातल्या नळीतून भरवायचं कसं, हे सिस्टरनी सांगितलं होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. शेजारच्या एका काकूंनी करून दाखवलं. माणसाला बसतं ठेवायचं, भरवल्यावर लगेच आडवं होऊ द्यायचं नाही, शेवटी नळीतून पाणी सोडायचं. आईस्क्रीमच्या काड्यांचा व्यायामही तिथेच पाहिला. शेकानंतर जबडा आखडतो, म्हणून दातांमध्ये मावतील तेवढ्या काड्या एकावर एक ठेवायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. डॉक्टरांना विचारून आम्ही तो सुरू केला. यांचं तोंड तेव्हा जेमतेम एक बोट उघडायचं. आता दुधात कुस्करलेली भाकरी स्वतःच्या हाताने खातात.

गावी आल्यावर असं सांगणारं कोणीच नव्हतं. म्हणून दिवाळीनंतर मी गट सुरू केला. महिन्याच्या पहिल्या रविवारी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात अकरा जण जमतो. सात जण आजारातून उठलेले, चौघं घरची.

गेल्या महिन्यात मात्र मी हादरले. गटातल्या एका भाऊंची दाढ ठणकत होती. दुसऱ्यांनी सांगितलं, “मी बाजारपेठेतच काढून घेतली, काही झालं नाही, तूही काढ.” ते खोटं बोलत नव्हते. पण त्यांचं फक्त ऑपरेशन झालेलं. या भाऊंना जबड्यावर शेक बसलेला. शेक घेतलेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, दाढ काढलेली जखम भरेलच असं नाही, हाड सडू शकतं. ही सूचना आमच्या फाईलमध्ये लिहिलेली होती, म्हणून मला ठाऊक. भाऊ दुसऱ्याच दिवशी दाढ काढायला निघाले होते. त्यांच्या बायकोचा सहज फोन आला म्हणून थांबवता आलं.

तेव्हापासून झोप लागत नाही. लोक माझ्या शब्दावर येतात. कोणाचा अनुभव कोणाला लागू पडतो, हे मी कसं ठरवू? मी बारावी झालेली आहे, नर्स नाही.

दुसरी अडचण घरच्यांची. पेशंटसमोर ती बोलतच नाहीत. एक सून बैठकभर गप्प होती, निघताना चपला शोधता शोधता म्हणाली, “ताई, मला रात्री सलग दोन तास तरी झोप मिळेल का हो?” त्यांना वेगळं बसवावं का? पेशंटला वाटायचं, आपल्या माघारी आपल्याबद्दल बोलतात.

असा गट कोणी चालवला असेल, तर नियम काय ठेवले ते कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, मी अमेरिकेत असते, स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेय. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या पद्धतीच्या गटात मी बसले आहे. सहा आठवडे, दर आठवड्याला अडीच तास. चालवणाऱ्या दोघी आमच्यासारख्याच, डॉक्टर नव्हेत. पण आधी शिकून आलेल्या. समोर छापील पुस्तिका ठेवून तिच्याबाहेर जायच्या नाहीत. औषध, दात, तपासणी असलं काही निघालं की उत्तर न देता म्हणायच्या, “हा प्रश्न डॉक्टरांसाठी लिहून घ्या.” आमचं काम वेगळं होतं. प्रत्येकीने आठवड्याचं एक छोटं काम ठरवायचं, ते जमेल याची खात्री शून्य ते दहात सांगायची. सातच्या खाली आली तर कामच लहान करायचं. मी “रोज हात भिंतीवर चढवायचा व्यायाम करेन” म्हटलं आणि पाच सांगितले. “आठवड्यात तीनदा” केल्यावर आठ झाले, आणि ते जमलं.

घरच्यांना वेगळं जरूर बसवा, पण सगळ्यांना आधी सांगून. त्यांच्यासाठी तिथे निराळा सहा आठवड्यांचा वर्ग असतो, त्यात स्वतःच्या झोपेबद्दलही बोलतात.

धागाकर्ती:

ताई, तुमचे फार आभार. डॉक्टरांसाठी प्रश्नांची वही आजच घातली, पहिला प्रश्न भाऊंच्या दाढेचा. येत्या रविवारी प्रत्येकाने आधी आपलं कुठलं ऑपरेशन झालं, शेक कुठे बसला, किमो झाली का, हे सांगायचं आणि मगच अनुभव, असं ठरवतेय. घरच्यांना चहाच्या वेळी माझ्या ओसरीवर बसवीन.

एकच विचारते. गट चालवायचं असं शिक्षण मराठीत कुठे मिळतं का? सातारा, सांगली, कोल्हापूरकडे असेल तर मी एसटीने येऊन जाईन. दोन दिवस यांच्याजवळ थांबायला नणंद तयार आहे.