माजी सैनिकांसाठी मानसिक आरोग्याची रेसिडेन्सी: आणखी एक वर्ष द्यावे का?

साखळीची लेक (धागा सुरू करणारी)

नमस्कार. मी मूळची साखळीची. बी.एस्सी. नर्सिंग गोव्यात केले, पुढची नऊ वर्षे अमेरिकेत वॉर्डात काढली, आणि यंदा मानसिक आरोग्य शाखेतील नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण पुरे करून बोर्डाची परीक्षाही उत्तीर्ण झाले. म्हणजे यापुढे रुग्णाची मुलाखत, निदान आणि औषधाची चिठ्ठी ही सगळी कामे माझ्या सहीने होणार आहेत.

हातात दोन पर्याय आहेत. एका खासगी क्लिनिकची नोकरी पूर्ण पगाराची आहे, पण तिथे पहिल्याच आठवड्यापासून भरलेली यादी असेल आणि जुन्या रुग्णाला वीस मिनिटांत पाहावे लागेल. दुसरा पर्याय व्हेटरन्स अफेअर्सच्या (व्हीएच्या), म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयातील बारा महिन्यांच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करत शिकण्याचा आहे. तिथे विद्यावेतन मिळते, पण ते पगाराच्या मानाने बरेच कमी आहे, आणि शिक्षणाचे कर्ज अजून फिटलेले नाही. इतकी वर्षे नर्सिंग केल्यावर पुन्हा विद्यार्थी कशाला व्हायचे, असे घरचे विचारतात.

सध्या चवथीसाठी घरी आले आहे. आरतीनंतर अंगणात फटाक्यांची माळ लागली की बाबांना विहिरीवरच्या पंपाची आठवण होते. टॉर्च घेऊन ते मागच्या दाराने निघतात, आणि माळ संपून धूर विरला की परततात. पंपाला काहीही झालेले नसते. बाबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत, आणि मी लहान होते तेव्हापासून हे असेच चालत आले आहे. मनोरुग्णांच्या वॉर्डात वर्षे काढलेल्या मला त्याचा अर्थ यंदा पहिल्यांदा लागला. म्हणून विचारते, हे ओळखायला रेसिडेन्सीत शिकवतात, की नोकरीत आपोआप येते?

फोंडेकर

साखळीताई, मी अशाच रेसिडेन्सीतून बाहेर पडून व्हीएतच कामाला लागलो, त्यामुळे माझे मत एकतर्फी आहे हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट पात्रतेची. या जागांसाठी सहसा अमेरिकी नागरिकत्व मागतात, आणि पदवी नुकतीच घेतलेली असावी लागते, बहुतेक ठिकाणी वर्षभराच्या आत. (आपल्याकडे परदेशी पासपोर्ट म्हटला की पोर्तुगालचाच आठवतो, तो इथे कामाचा नाही.) म्हणजे नोकरी आता धरून रेसिडेन्सी दोन वर्षांनी करू, असा हिशेब केलात तर दार बंद झालेले असेल.

नर्स प्रॅक्टिशनरसाठी रेसिडेन्सी ही कल्पनाच तशी नवी आहे. कनेक्टिकटमधील एका सामुदायिक आरोग्य केंद्राने २००७ मध्ये प्राथमिक उपचारांसाठी ती प्रथम सुरू केली, आणि मानसिक आरोग्याच्या शाखेत ती नंतर आली. व्हीएत तिचे महत्त्व अधिक असण्याचे कारण असे की डिसेंबर २०१६ मधील नियमाने तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरला, राज्याचा कायदा काहीही म्हणत असला तरी, डॉक्टरच्या देखरेखीविना काम करण्याचा अधिकार देता येतो. नियंत्रित औषधांच्या बाबतीत मात्र राज्याचाच कायदा चालतो. अधिकार एवढा मोठा, आणि आपण विद्यार्थी असताना रुग्णांसोबत घालवलेले तास मात्र डॉक्टरांच्या तुलनेत फारच थोडे. त्या दोहोंमधले अंतर भरून काढायला हे वर्ष असते.

आता प्रत्यक्ष काय होते ते सांगतो. माझ्या दुसऱ्या महिन्यात एक गृहस्थ आले. तक्रार एकच, झोप लागत नाही. बाहेरच्या कोणीतरी लिहून दिलेले क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारे औषध ते कित्येक वर्षे घेत होते. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन सुरू करावे असे मी मनाशी ठरवले आणि मोठ्या ऐटीत प्रिसेप्टरकडे, म्हणजे मला शिकवणाऱ्या वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, "ते घोरतात का, हे त्यांच्या बायकोला विचारलेस का?" मी विचारले नव्हते. तपासणीत झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. श्वासाचे यंत्र आधी आले, क्लोनाझेपाम काही महिन्यांत थोडे थोडे कमी करत बंद झाले, आणि प्राझोसिनचा विषय पुढे निघालाच नाही. पुस्तकात मी हे सगळे वाचलेले होते. वीस मिनिटांच्या भेटीत मात्र मी चिठ्ठी लिहून मोकळा झालो असतो, आणि माझी चूक मला कोणी दाखवली नसती.

व्हीए आणि अमेरिकेचे संरक्षण खाते यांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतरच्या ताणविकारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, औषधांपेक्षा त्या आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचारांना पसंती दिली आहे. औषधांमध्ये सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन यांची शिफारस आहे, आणि क्लोनाझेपामच्या जातीची औषधे टाळावीत असे स्पष्ट म्हटले आहे. हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. औषध लिहिणाऱ्या माणसाने मानसोपचाराच्या बैठकांमध्ये काय चालते हे शेजारी बसून पाहणे निराळे, आणि तेवढा वेळ नोकरीत कोणी देत नाही.

आणखी एक गोष्ट गोव्यात वाढलेल्या माणसाला मुद्दाम शिकावी लागते, ती म्हणजे बंदूक. सत्तरी तालुक्यात रानडुकरांसाठी ठेवलेली एखादी जुनी बंदूक सोडली तर आपण घरात शस्त्र पाहिलेले नसते. तिथे आत्महत्येचा धोका तपासताना घरात शस्त्र आहे का, ते कुठे ठेवता, कुलपात असते का, गोळ्या वेगळ्या ठेवता का, हे कसलाही आरोप न वाटू देता विचारावे लागते. बंदुकीला लावायचे कुलूप व्हीए फुकट देते. पहिल्या वेळी माझा आवाज कापला होता.

बांबोळीची जुनी सिस्टर

मुली, फोंडेकरांचे बरेचसे पटले, पण दुसरी बाजूही ऐक.

पुढेमागे गोव्यात परतायचे मनात असेल, तर त्या कागदाचा इथे थेट उपयोग नाही. भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम अतिदक्षतेसाठी आणि प्रसूतिशास्त्रासाठी आखले. मानसिक आरोग्यासाठी तशी भूमिका आपल्याकडे नाही. आपल्याकडे मनोरुग्ण परिचर्येची पदविका किंवा एम.एस्सी. करता येते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिकेची वेगळी व्याख्याही केली, पण औषधाची चिठ्ठी डॉक्टरचीच. पोर्तुगीज काळात पणजीच्या आल्तिनोवर आबे फारिया यांच्या नावाचे इस्पितळ होते, त्याचीच पुढे बांबोळीची मनोविकार संस्था झाली. आम्ही तिथे कामातूनच शिकलो. रेसिडेन्सी हा शब्दही आमच्या कानावर नव्हता.

मात्र कामातून शिकणे म्हणजे नेमके काय, हे सांगते. त्याआधी एका खासगी रुग्णालयात (नाव नको) रुजू होऊन दुसराच आठवडा असताना मला रात्रपाळीला एकटी ठेवले. एक रुग्ण रात्रभर येरझाऱ्या घालत होता. मी त्याला अस्वस्थ समजून दोनदा बिछान्यावर नेऊन बसवले. ती औषधामुळे पायांत होणारी तगमग होती. सकाळी डॉक्टरांनी एका वाक्यात ते सांगितले आणि पुढच्या खाटेकडे वळले. त्या माणसाची ती रात्र गेलीच. मी शिकले खरी, पण त्याच्या खर्चाने.

तेव्हा एक वर्ष द्यायला माझी हरकत नाही. पण रेसिडेन्सी या नावाखाली स्वस्तात मनुष्यबळ मिळवण्याचा मोह कोणत्याही रुग्णालयाला होऊ शकतो. पहिल्या तिमाहीत दिवसाला किती रुग्ण देणार, प्रिसेप्टरचा वेळ त्याच्या स्वतःच्या यादीतून खरोखर मोकळा केलेला आहे का, कार्यक्रमाला बाहेरच्या संस्थेची मान्यता आहे का, आणि गेल्या वर्षीचे रेसिडेंट आता कुठे आहेत, हे लेखी विचारून घे. उत्तर गोलमोल आले तर समजून जा. आणि त्या क्लिनिकलाही हेच प्रश्न विचार, कारण तिथे एखादा मन लावून शिकवणारा वरिष्ठ निघाला तर माझ्या मते तोही पर्याय वाईट नाही.

फोंडेकर

सिस्टर, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. शिकवणारा वरिष्ठ चांगला असला तरी त्याच्या वेळेची हमी क्लिनिक देत नाही. तो नोकरी सोडून गेला की शिक्षण तिथेच संपते. बाकीचे चारही प्रश्न मी अर्ज करताना विचारायला हवे होते.

पेडण्याचा सुभेदार (निवृत्त)

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, परंतु ज्यांच्यासाठी हे शिक्षण आहे त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

आमच्याकडे सैनिकाची वैद्यकीय श्रेणी ठरवताना ज्या पाच गोष्टी पाहतात, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द 'शेप' असा होतो, आणि त्यातले पहिलेच अक्षर मानसिक स्थितीचे आहे. ती श्रेणी घसरली की बढती आणि नेमणूक दोन्हींवर परिणाम होतो, हे प्रत्येक जवानाला ठाऊक असते. वीस वर्षे जी गोष्ट लपवायची सवय लागली, ती पेन्शन सुरू झाली म्हणून सुटत नाही. माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना २००३ पासून आहे आणि पॉलिक्लिनिकमध्ये आम्ही जातोही, पण तिथे गुडघा दाखवतो, बीपी दाखवतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. तो क्रमांक आमच्या गटात मी स्वतः पाठवला. उत्तरादाखल सगळ्यांनी अंगठा दाखवला; फोन किती जणांनी केला, हे कोणी बोलत नाही.

अमेरिकेतला सैनिक याहून फार निराळा असेल असे मला वाटत नाही. त्यामुळे शिकायचेच असेल तर हे शिकून घ्या: लढाईत काय पाहिले, कोणाला मारले का, असे पहिल्या भेटीत विचारू नये. झोप विचारावी. जेवताना पाठ भिंतीला लावून बसतो का, ते पाहावे. कोणत्या युनिटमध्ये होता ते विचारावे आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत घड्याळाकडे पाहू नये. वीस मिनिटांत आमचा माणूस अजून युनिटचे नावच सांगत असतो.

तुमच्या वडिलांच्या पंपाबद्दल वाचले. त्यांच्या मागोमाग कोणी जाऊ नये.

साखळीची लेक

सर्वांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचे चारही प्रश्न काल रात्री दोन्ही ठिकाणी पाठवले. रेसिडेन्सीकडून सविस्तर उत्तर आले: सुरुवातीला दिवसाला दोनच नवे रुग्ण, प्रत्येकी नव्वद मिनिटे, आणि आठवड्यातला अर्धा दिवस मानसशास्त्र व औषधनिर्माण शाखेच्या प्रशिक्षणार्थींबरोबर एकत्र शिकवणी. क्लिनिकने पगाराचा आकडा थोडा वाढवून पाठवला. प्रश्नांबद्दल काहीच लिहिले नाही. कर्जाचा हप्ता वर्षभर कमी करून मिळेल का, याची चौकशी सुरू केली आहे.

सुभेदारकाका, आज सकाळी बाबा चहा घेत असताना मी फक्त झोपेचे विचारले. "तीनला जाग येते," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रोजच." मी काही बोलले नाही. त्यांनी आणखी अर्धा कप चहा मागितला, जो ते कधी मागत नाहीत.