जुन्या माउझर ९८ वर शिकारीची रायफल: आधी काय तपासावे?

प्रश्न:
माझ्याकडे दोन महायुद्धांच्या दरम्यान बनलेली लष्करी माउझर ९८ (मूळ जर्मन बनावटीची बोल्टची रायफल) आहे. नळी आतून गंजून गेली असली, तरी ॲक्शन (काडतूस भरणारी व चेंबर बंद करणारी यंत्रणा) शाबूत दिसते. परवाने हाती आहेत. नवी नळी आणि अक्रोडाचा दस्ता बसवून मध्यम आकाराच्या हरणांसाठी रायफल बांधायची आहे. काडतूस .३०-०६ घ्यावे की .३७५ मॅग्नम?

पहिले उत्तर:
काडतुसाचा विचार नंतर करा. या रिसीव्हरचे (ॲक्शनच्या मुख्य सांगाड्याचे, ज्यात बोल्ट सरकतो) पोलाद आतून मऊ आणि फक्त पृष्ठभागी कठीण केलेले असते. तो कठीण थर पातळ असेल किंवा पूर्वी कुणी तो घासून काढला असेल, तर प्रत्येक बाराबरोबर बोल्टचे लग (बोल्टला जागी अडकवणारे उंचवटे) रिसीव्हरमधल्या आपल्या बैठकीत थोडे थोडे रुतत जातात आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळीक, वाढत जाते. नळी उतरवल्यावर बैठकीवर बारीक टोकाची सळई फिरवून पाहावी. ती कडेला अडखळली, तर तिथे खड्डा पडलेला आहे. अशी ॲक्शन, दस्ता कितीही देखणा असो, वापरू नये.

दुसरे उत्तर:
वरील मताशी सहमत. .३७५ मॅग्नम मात्र टाळावे, कारण एवढे लांब काडतूस मॅगझिनमध्ये बसवण्यासाठी खालच्या लगच्या बैठकीमागचे धातू कापावे लागते आणि नेमका तोच भाग बाराचा ताण पेलत असतो. .३०-०६ किरकोळ फेरबदलात बसते. माझी पसंती ७x५७ ला आहे: माउझरचेच १८९० च्या दशकातले हे काडतूस मूळ मॅगझिनमध्ये सहज मावते, धक्का कमी देते आणि हरणाला पुरेसे आहे.

प्रश्नकर्ता:
मग ७x५७ नक्की. दुर्बीण बसवण्यात काही अडचण येते का?

तिसरे उत्तर:
दोन येतात. बोल्टची मूळ मूठ वर उचलताना दुर्बिणीला अडते आणि वरून फिरणारा सुरक्षा-खटकाही तिच्या आड येतो. म्हणून मूठ वाकवून घ्यावी व बाजूने सरकणारा खटका बसवावा. रानात एक पथ्य पाळावे: काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच भरावे. सुटे काडतूस थेट चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या काडतुसाच्या खोबणीत) टाकून बोल्ट रेटल्यास मूळ एक्स्ट्रॅक्टरला (काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याला) काडतुसाच्या बुडाच्या कडेवरून उडी मारावी लागते, ज्यासाठी तो घडवलेलाच नाही, आणि कधीतरी तो तुटतो. आणखी एक, सर्व भागांवरचे क्रमांक जुळत असतील तर ती रायफल संग्राहकाला द्यावी आणि बांधणीसाठी न जुळणाऱ्या क्रमांकांची दुसरी शोधावी.