लेखकाने स्वतःची कथा व्यासपीठावरून सांगावी का?

धागाकर्ती :
नवा कथासंग्रह आला की लगेच कथाकथन, अभिवाचन, मुलाखती यांचा सपाटा सुरू होतो. मी कथा लिहिते आणि माझं स्पष्ट मत आहे, यात कथेचं नुकसान होतं. कुठे हशा पिकतो, कुठे लोक चुळबुळतात, हे एकदा कळलं की पुढची कथा लिहिताना तेच सभागृह डोळ्यांपुढे उभं राहतं. वर्णनाचा परिच्छेद आखडतो, शेवटी टाळीचं वाक्य येतं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, कॉलेजात इंग्रजी शिकवलं, सभा-संमेलनांपासून कायम लांब राहिले. त्यांची कथा वाचताना मध्येच थांबून मागच्या पानावर जावं लागतं. ऐकणाऱ्याला कुठे मागे जाता येतं?

प्रतिसाद १ :
अजिबात पटलं नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी कथाकथनासाठी गावंच्या गावं पालथी घातली. त्यांच्या कथा कागदावर पातळ झाल्या का? माडगूळकरांच्या माणदेशी माणसांच्या कथेत एक शब्द जास्तीचा काढून दाखवा. आणि बहिणाबाई? त्यांना लिहिता-वाचताच येत नव्हतं. घरोट्यावर, शेतात त्या गात गेल्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ते उतरवून घेतलं म्हणून १९५२ साली, त्यांच्या पश्चात, पुस्तक निघालं. आपलं निम्मं साहित्य तोंडातून कानात गेलेलं आहे.

धागाकर्ती :
मिरासदार मलाही अतिशय प्रिय आहेत. पण त्यांची कथा मुळातच पारावर बसून सांगितल्यासारखी आहे, ती सभागृहात शोभतेच. ज्यांची कथा तशी नाही त्यांनी काय करायचं? बहिणाबाईंचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. त्यांच्यासमोर श्रोते कुठे होते? दळताना त्या स्वतःशीच गात होत्या.

प्रतिसाद २ :
माझ्या वडिलांची नजर मधुमेहाने गेली. पूर्वी दिवाळी अंक अनुक्रमणिकेपासून जाहिरातींपर्यंत वाचायचे. आता रात्री जेवणं झाली की मी वाचते, ते ऐकतात. "थांब गं, ते नदीचं परत वाच," म्हणतात. मी परत वाचते. कधी तिसऱ्यांदाही. तेव्हा ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही, हे कृपया म्हणू नका.

प्रतिसाद ३ :
तालुक्याच्या वाचनालयात काम करतो. कथाकथन झालं की दुसऱ्या दिवशी ते पुस्तक मागायला रांग लागते, हे खरं. पण परत आलेल्या पुस्तकावर बोलायला लागलं की लोक त्या सांगितलेल्या कथेबद्दलच बोलतात. बाकीच्या कथा बहुतेकांनी उघडलेल्याही नसतात. त्यामुळे मी धागाकर्तीच्या बाजूने.

प्रतिसाद ४ :
जी.एं.ना माणूसघाणं ठरवू नका. सुनीता देशपांडे यांच्यासारख्या कितीतरी जणांना त्यांनी लांबच लांब पत्रं लिहिली, त्या पत्रांचे खंड निघाले आहेत. वाचक त्यांना हवा होता, फक्त एका वेळी एक.

धागाकर्ती :
हो, मला हेच म्हणायचं होतं! प्रतिसाद २ मधल्या बाबांचं ऐकणंही तसंच आहे: एक वाचणारी, एक ऐकणारा, घाई कुणालाच नाही. तिथे माझा आक्षेप उरत नाही. तो आहे तीनशे खुर्च्यांना.

प्रतिसाद १ :
त्या तीनशेतले कित्येक जण आयुष्यात पुस्तक विकत घेणार नाहीत. त्यांना कथा मिळायची कुठून?

प्रतिसाद ३ :
पुढच्या कार्यक्रमाला लेखकांना विनंती करणार आहे, कथा तोंडपाठ सांगू नका, पुस्तक हातात धरून वाचा आणि वर्णनं गाळू नका. लोक उठून गेले तर तेही इथे लिहीन.