आरटीईच्या अर्जात दहाही शाळा भराव्यात का?

पाटीपेन्सिल

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत वंचित-दुर्बल मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के मोफत जागांच्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की एकच सल्ला फिरतो: "दहा शाळा निवडता येतात ना, मग दहाही भरून टाका, कुठेतरी नंबर लागेलच." माझं मत नेमकं उलटं. नंबर लागला तर ज्या शाळेत दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जाल, तेवढ्याच भरा. मग त्या चारच निघाल्या तरी चालतील.

लॉटरीत बालकाला एकच शाळा मिळते. ती नाकारली, तर त्या वर्षीच्या पुढच्या फेऱ्यांत त्याचा विचार होत नाही. म्हणजे आकडा भरावा म्हणून टाकलेली नववी शाळा लागली आणि तुम्ही गेला नाहीत, तर वरच्या आठ शाळांमधली संधीही गेली.

आणि ही नववी शाळा कशी असते? कित्येकदा फक्त चौथीपर्यंतची. कायद्याने मोफत शिक्षण आठवीपर्यंत असलं तरी चौथीचीच शाळा असेल तर सवलत तिथे संपते. पाचवीला दुसऱ्या शाळेत २५ टक्क्यांतून शिरता येत नाही, कारण हा प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच असतो. शिवाय फी माफ असली तरी बस माफ नसते. लांबची शाळा लागली तर महिन्याचं रिक्षाभाडं आधी काढा, मग 'फुकट' म्हणा.

सही_शिक्का

पूर्ण असहमत. हे गणित भरपूर शाळा असलेल्या भागातलं आहे. पहिलीची प्रवेशक्षमता ४० असेल तर २५ टक्के म्हणजे १० जागा. तुम्ही म्हणता त्या 'पसंतीच्या चार' आजूबाजूच्या प्रत्येक पालकाच्या अर्जात असतात. सगळी गर्दी तिथे. कमी नावाच्या शाळांतल्या जागा मात्र फेऱ्या संपल्या तरी रिकाम्या राहतात.

ज्याच्या घरी पैसे भरून शाळेत घालायची सोय आहे, त्याने चार भराव्यात. एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लावणाऱ्याला ही चैन परवडत नाही.

ओसरी

चार की दहा हा वाद नंतर घाला. अर्ज बाद होतो तो आकड्यावरून नाही, नकाशावरून आणि तारखांवरून.

अर्जात घराची जागा नकाशावर लाल फुग्याने दाखवायची असते. अंतर त्या फुग्यापासून मोजलं जातं आणि शाळांची यादीही त्यावरूनच येते. सायबर कॅफेवाला सोसायटीचं नाव टाइप करतो, फुगा जातो मागच्या चौकात, आणि तो पुढच्या पानावर. तिथेच थांबवा त्याला. उपग्रहाचं चित्र लावायला सांगा, आपल्या इमारतीचं छप्पर दिसेपर्यंत मोठं करा आणि फुगा बोटाने ओढून छपरावर ठेवा. काही जण तर मुद्दाम चांगल्या शाळेशेजारी फुगा ठेवतात. पडताळणी समितीपुढे पत्त्याचा पुरावा आणि नकाशा जुळला नाही की लॉटरीत लागलेला प्रवेशही रद्द होतो.

दुसरं, भाडेकरार. तो नोंदणीकृत हवा, किमान ११ महिन्यांचा हवा आणि अर्ज सुरू होण्याच्या तारखेआधीचा हवा. नोटरीचा कागद चालत नाही. बाकीचे कागदही अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीचे लागतात. "आधी नंबर लागू दे, मग तहसीलला जाऊ" म्हणणारे इथे हमखास अडकतात, कारण दाखल्यावरची तारीख बदलता येत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यात कुठलं आर्थिक वर्ष मागितलंय तेही सूचनेत वाचून घ्या.

आणि नवऱ्याने एक, बायकोने एक असे दोन अर्ज भरू नका. एकाच बालकाचे दोन अर्ज सापडले तर दोन्ही बाद.

पाटीपेन्सिल

@सही_शिक्का, चैनीचा मुद्दा एका अर्थी बरोबर, पण उत्पन्नाचा दाखला सगळ्यांना लागत नाही. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, विशेष मागास, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेली बालकं, यांना उत्पन्नाची अट नाही. त्यांच्यात फी भरायची ऐपत असलेली घरंही असतात, आणि दहा भरून नको ती शाळा सोडून देणारीही बरीचशी तीच. ती जागा मग पुढच्या फेरीपर्यंत अडून राहते.

बालवाडी_ते_बारावी

माझ्या मते खरा घोळ 'कधी' यातच आहे. "पहिलीला बघू" म्हणून थांबणाऱ्यांशी माझा वाद आहे. शाळेचा सुरुवातीचा वर्ग नर्सरी असेल तर तिच्या २५ टक्के जागा नर्सरीलाच भरल्या जातात. तीन वर्षांनी पहिलीला याल तेव्हा ती शाळा यादीत दिसणारच नाही.

वय ३१ डिसेंबरला मोजतात. नर्सरीला ३ वर्षं पूर्ण ते ४ वर्षं ५ महिने ३० दिवस. पुढे प्रत्येक वर्गाला एकेक वर्ष वाढवा, पहिलीला ६ ते ७ वर्षं ५ महिने ३० दिवस. २०२५-२६ साठी नर्सरीत १ जुलै २०२१ ते ३१ डिसेंबर २०२२ मधली मुलं बसत होती, ज्युनियर केजीत १ जुलै २०२० ते ३१ डिसेंबर २०२१ मधली. नीट बघा: जुलै ते डिसेंबर २०२१ मधलं मूल दोन्हीकडे बसतं! या सहा महिन्यांतल्या मुलांचे पालक एकाच वर्गाच्या शाळा बघून मोकळे होतात. शिवाय त्या वर्षी नर्सरीला नंबर नाही लागला, तरी जुलै ते डिसेंबर २०२२ मधल्या मुलाला पुढच्या वर्षी पुन्हा नर्सरीचाच अर्ज भरता येतो. जानेवारी ते जून २०२२ मधल्या मुलाला ती दुसरी खेप मिळत नाही.

सही_शिक्का

दुसरी खेप मिळते हे मान्य, पण वर्षभर मूल घरी ठेवायचं का? आणि वेळापत्रकावर कसला भरवसा? २०२५-२६ चे अर्ज १४ जानेवारी २०२५ ला सुरू झाले, मुदत वाढून २ फेब्रुवारी झाली, १० फेब्रुवारीला सोडत. ठीक चाललं. त्याच्या आदल्या वर्षी? फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने सरकारी-अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना २५ टक्क्यांच्या अटीतून सूट दिली, मे महिन्यात उच्च न्यायालयाची स्थगिती, अर्ज पुन्हा नव्याने, ७ जूनला सोडत, आणि १९ जुलैला ती सूट न्यायालयाने रद्द केल्यावर यादी बाहेर आली. तोवर शाळा सुरू होऊन महिना झाला होता.

ओसरी

त्या महिन्यात मूल घरी बसायची गरज नव्हती. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेला ना लॉटरी, ना फुगा. जन्मदाखला नसला तरी आरटीई कायद्याच्या कलम १४ प्रमाणे प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्ग सुरू झाल्यावर आलात तरी कलम १५ प्रमाणे नाही. पहिलीच्या वयाच्या मुलाला तिथे बसवा, यादी लागली की शाळा सोडल्याचा दाखला काढा.

पाटीपेन्सिल

खासगीत अनामत भरून जागा धरून ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. अनामत परत मिळवताना घाम फुटतो.

सही_शिक्का

बरं, दहा आकडा मी सोडत नाही, पण एक बदल मान्य. अर्ज सुरू होण्याआधी दहाही शाळांच्या फाटकापर्यंत जाऊन यावं: शेवटचा वर्ग कोणता, सुरुवातीचा कोणता, घरून पायी किती मिनिटं. चौथीला संपणारी शाळा निघाली तर तिच्या जागी दुसरी शोधावी. दुसरी नसेलच, तर नऊ भरा. चार नाही.

पाटीपेन्सिल

फाटकापर्यंत खरंच गेलात तर नऊ उरणार नाहीत, बघा.