मदत हवी आहे: भाचीचं लग्न, वरपक्ष कोरियन

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. न्यू जर्सीत जन्मलेली माझी भाची तिथल्याच कोरियन घरातल्या मुलाशी लग्न करतेय. विधी बेळगावात व्हावेत ही आमच्या आईची फार इच्छा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आधी एकाचं जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, मग नोटिशीचे ३० दिवस. एवढी रजा कुणाला? नोंदणी तिकडेच होईल.

कोरियन लग्नात वधूवरांनी धरलेल्या कापडात वडीलधारे सुकी बोरं आणि चेस्टनट टाकतात, संततीच्या आशीर्वादाचे. आई म्हणाली, ही तर ओटीच! तिला तो विधी मांडवातच हवाय, मलाही.

टिळकवाडी-शहापूरकडे असं मनापासून जुळवून घेणारे, इंग्रजीत अर्थ सांगणारे गुरुजी माहीत आहेत का? कन्नड बोलणारे असले तरी चालतील. आणि कन्यादान वगळून कुणी लग्न लावलंय का? भाचीला ते नकोय.