फातोर्डा स्टेडियम: बेळगावहून मॅच बघायला जायचंय

खानापूरकर:
पुतण्या फुटबॉलवेडा आहे, त्याला एफसी गोवाची मॅच दाखवायचीय. फातोर्ड्याचं स्टेडियम कसं आहे, बसायची सोय, जायची सोय, कुणाला माहिती असेल तर सांगा की.

टिळकवाडी११:
जावा की ओ, बघण्यासारखं आहे! १९८९ ला सुरू झालं, खरं नाव जवाहरलाल नेहरू स्टेडियम, पण फातोर्डाच म्हणतात सगळे. साधारण १९ हजार लोक बसतात, फ्लडलाइट आहेत, गवत खरं. पूर्वी इथं क्रिकेटच्या वनडे पण व्हायच्या, पहिली १९८९ लाच, ऑस्ट्रेलिया-श्रीलंका. म्हणून मैदान ऐसपैस आहे आणि गोलच्या मागं बसलात तर पलीकडचा गोल लांब दिसतो, बाजूच्या स्टँडचं तिकीट घ्या.

लोंढा_लाइन:
रेल्वेनं जावा, लोंढा-कॅसलरॉक-कुळे करत मडगाव, तिथनं रिक्षानं जवळच. मॅच रात्री संपते, परतीची गाडी बघूनच तिकीट काढा, नाहीतर मुक्काम करावा लागतो.

निपाणीचा:
२०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपच्या काही मॅच इथं झाल्या, इराणनं जर्मनीला ४-० हरवलं ते याच मैदानावर, पुतण्याला नक्की सांगा. आणि २०१५ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग, भारतातली फुटबॉल लीग) फायनल, गोवा घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून ३-२ नं हरलं, तेही शेवटच्या मिनिटांत, अजून वाईट वाटतं.

खानापूरकर:
लई आभार. बाजूच्या स्टँडचीच तिकिटं बघतो.